घोडा मागे, पैज पुढे

छत्तीसगडमध्ये एकही रेसकोर्स नाही. भिलाईच्या पावर हाउस भागातल्या माणसाला मुंबईतली घोड्यांची शर्यत डोळ्यांनी पाहायची असेल, तर हावडा-मुंबई मार्गावरची गाडी पकडून गोंदिया, नागपूर, भुसावळ मागे टाकत हजार-अकराशे किलोमीटर पार करावे लागतात, आणि मग कुठे महालक्ष्मीचं मैदान दिसतं. तरीही गेल्या चार-पाच वर्षांत देशातल्या सट्ट्याच्या बातम्यांमध्ये महालक्ष्मीपेक्षा भिलाईचं नाव जास्त वेळा छापून आलं. शर्यतींचा धंदा आणि सट्ट्याचा धंदा आज कुठे उभे आहेत, हे समजून घ्यायचं तर ही विसंगती हाताशी धरूनच पुढे जावं लागतं.

पावर हाउस ही भिलाईची बाजारपेठ. रेल्वे स्टेशन, त्याला लागून जी. ई. रोड आणि कपड्यांपासून मोबाईलपर्यंत सगळं मिळणारा जवाहर मार्केटचा परिसर. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर देशभरातून, विदर्भातूनही, माणसं इथे नोकरीला आली, राहिली आणि इथलीच झाली. १ जुलै १९९२ ला याच पावर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा हे नाव देशाने ऐकलं होतं. तीस वर्षांनी भिलाईचं नाव पुन्हा देशभर गाजलं ते महादेव बुक या सट्ट्याच्या ॲपमुळे. तिथपर्यंत पोचायला मात्र आधी घोड्याजवळ जाऊ.

मुंबईत शर्यती आधी भायखळ्याला होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. समुद्राची दलदल हटवून तयार केलेल्या त्या जमिनीवर लंबवर्तुळाकार हिरवी पट्टी आखली गेली आणि मुंबईच्या नकाशात ती आजतागायत उठून दिसते. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून बोटीने येणाऱ्या घोड्यांचा व्यापार तेव्हा मुंबई बंदरात जोरात होता, त्यामुळे शहराला घोडा नवा नव्हता. पुढे शर्यतींची सूत्रं रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आली. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे, असं क्लबचं वर्षाचं गणित बसलं. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. २४०० मीटरची ही शर्यत फेब्रुवारीच्या सुरुवातीला होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत घोड्यापेक्षा बायकांच्या टोप्यांचे फोटो मोठे असतात. हा फक्त श्रीमंतांचा खेळ, असा मराठी वाचकाचा जो गैरसमज आहे, त्याचं अर्धं श्रेय त्या फोटोंना द्यायला हरकत नाही. प्रत्यक्षात रेसकोर्सवर उभा असणारा माणूस बहुतेक वेळा साधा शर्ट घातलेला, कानाला पेन लावलेला आणि हातातल्या पुस्तकात घोड्यांची मागची कामगिरी शोधणारा असतो. पुढच्या स्टँडमधला आणि मागच्या स्टँडमधला माणूस एकाच घोड्याच्या नावाने ओरडतो, हीच काय ती तिथली लोकशाही.

घोड्याभोवती केवढं मोठं जग उभं असतं, तेही पाहायला हवं. स्टड फार्मवर शिंगरू जन्माला येतं. ते दोन वर्षांचं होईपर्यंत त्यावर पैसा खर्चच होत असतो, मिळत काहीच नाही. मग मालक, ट्रेनर, पहाटे घोडा फिरवणारे रायडिंग बॉय, रात्रंदिवस तबेल्यात राहणारे सईस, नालबंद, डॉक्टर, चारा पुरवणारे अशी मोठी साखळी लागते. तीत मराठी माणसं भरपूर. जॉकींमध्ये पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं जुन्या रेसशौकिनांच्या तोंडी आजही असतात. पुण्याच्या पूनावाला घराण्याने १९४६ मध्ये स्टड फार्म काढलं. तिथले उतारवयाचे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जात, कारण धनुर्वाताच्या आणि सर्पदंशाच्या लसरसासाठी घोड्याचं रक्त लागतं. तो लसरस आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. कोविडच्या लसीमुळे जगभर माहीत झालेल्या कंपनीचं मूळ असं रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात आहे. भारतातल्या घोडाशर्यतींनी समाजाला काय दिलं, असं कुणी खोचकपणे विचारलं, तर एवढं उत्तर पुरेसं आहे.

पण हे सगळं चालतं पैजेवर. तिकिटावर नाही, जाहिरातींवर नाही. पैज बंद झाली की बक्षिसाची रक्कम आटते, मग घोडे विकत घेणारे आटतात, मग स्टड फार्म. म्हणून पैजेचं यंत्र नेमकं कसं चालतं ते समजावून घेऊ.

रेसकोर्सवर पैज लावायच्या दोन जागा: टोट आणि बुकमेकरांचं रिंग. टोट म्हणजे क्लबने चालवलेला एकत्रित पूल. समजा एका रेसच्या ‘विन’ पूलमध्ये दहा लाख रुपये जमले. क्लबने ठरलेला वाटा कापला, तो सोयीसाठी वीस टक्के धरू. उरले आठ लाख. पाच नंबरच्या घोड्यावर एकूण दोन लाख लागलेले असतील आणि तो जिंकला, तर हे आठ लाख त्या दोन लाखांत वाटले जातात, म्हणजे दहा रुपयांच्या तिकिटाला चाळीस. तेच नऊ नंबरच्या घोड्यावर पन्नास हजारच लागले असतील आणि तो जिंकला, तर दहाला एकशे साठ. कोणता घोडा जिंकतो याच्याशी क्लबला देणंघेणं नाही. त्याचा वाटा आधीच कापलेला असतो. मुख्य म्हणजे पूलमध्ये किती आले, कोणावर किती लागले, हे रेस सुटेपर्यंत बोर्डावर सगळ्यांना दिसत असतं. आकडे सतत हलतात. शेवटच्या दोन मिनिटांत एखाद्या घोड्याचा भाव धाडकन उतरला, तर जाणते मान वर करतात: तबेल्यातून पैसा आला की काय! याच टोटवर दुसरा येणारा घोडा सांगायचा ते सेकंड हॉर्स आहे, पहिले तीन क्रमाने सांगायचे ते टनाला आहे, सलग पाच रेसचे विजेते सांगायचे तो जॅकपॉट आहे.

बुकमेकरचं काम वेगळं. तो भाव जाहीर करतो आणि पैसे स्वतःच्या अंगावर घेतो. एका घोड्यावर फार बोजा आला की त्याचा भाव पाडतो, दुसऱ्याचा चढवतो आणि वही समतोल ठेवायचा प्रयत्न करतो. रेसकोर्सच्या आतला बुकमेकर परवानाधारक असतो, त्याची वही तपासता येते. बाहेरचा बुकी तोच भाव फोनवर देतो. त्याच्याकडे परवाना नाही, कर नाही, आणि दाखवायला वहीही नाही. उधारी मात्र तो देतो. आतला देत नाही. बाहेरच्याची निम्मी गिऱ्हाइकी या उधारीवर उभी असते, असं मला वाटतं.

आता कायद्याकडे. आपल्याकडे जुगारावर बंदी, पण घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावायला मुभा, हे कसं? मुंबई प्रांतात १९१२ पासून रेसकोर्सना परवाना देणारा वेगळा कायदा आहे. देशपातळीवर निर्णायक उत्तर मिळालं १२ जानेवारी १९९६ ला. तामिळनाडू सरकारने शर्यतींवरची पैज बंद करण्यासाठी कायदा केला होता, पुढे मद्रास रेस क्लबच ताब्यात घेण्याचाही. सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात सांगितलं की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे: घोड्याचा वेग आणि दम प्रशिक्षणातून येतो, जॉकीचं कसब लागतं, आणि पैज लावणारा माहितीच्या आधारे अंदाज बांधतो. म्हणून ही पैज जुगाराच्या व्याख्येत बसत नाही.

निकाल शर्यतींसाठी तारणहार ठरला. पण त्याने सगळी चर्चा एका प्रश्नावर आणून ठेवली: कौशल्य की नशीब? पुढची पंचवीस वर्षं रमीवाले, फँटसी क्रिकेटवाले, पोकरवाले याच दारातून आत शिरण्यासाठी वकील लावत राहिले. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. पैज लावणाऱ्याचं नुकसान कौशल्याच्या खेळातही होतं. पैसा कुठे जमतो, वाटला कसा जातो आणि ते बाहेरच्या माणसाला तपासता येतं का, हे अधिक महत्त्वाचं. टोटच्या बोर्डावर हिशेब लटकलेला असतो. बाकी सट्ट्याचा सगळा इतिहास हा हिशेब हळूहळू दिसेनासा होण्याचा आहे.

त्याचं पहिलं मोठं उदाहरण मुंबईनेच दिलं. स्वातंत्र्यानंतरच्या काळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला येत आणि त्यांच्या आकड्यांवर सट्टा चाले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कने ती पद्धत थांबवली. सट्टेबाजांचं काही अडलं नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रींनी न्यू वरळी मटका. पत्ते काढायचे, आकडा जाहीर करायचा: ओपन, क्लोज, पाना, जोडी. कापूस गेला, आकडा उरला. गिरणगावात आणि मग सगळ्या महाराष्ट्रात हा आकडा पानाच्या टपऱ्यांवर, बंद गिरण्यांच्या दारात रोज लागत राहिला. शर्यतीत निदान घोडा पळायचा. मटक्यात कोणीच पळत नव्हतं.

भिलाई-दुर्ग पट्ट्यातही हाच आकडा आला. इथे त्याच्या चिठ्ठीला सट्टा-पट्टी म्हणतात, पैसे घेणाऱ्याला खाईवाल. पट्टी लिहिणारा पोऱ्या चौकात, खाईवाल घरात, आणि त्याच्या वरचा खाईवाल रायपूरला किंवा नागपूरला. पोलिसांनी धाड घातली की सापडायचा तो पट्टी लिहिणारा, एक डॉटपेन आणि काही सुटे पैसे. १८६७ च्या मूळ जुगार कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला दोनशे रुपये दंड किंवा तीन महिने कैद होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात दोनशे रुपये मोठी रक्कम होती, हे खरं. त्यानंतर क्रिकेट आलं. आयपीएलने वर्षातले दोन महिने रोज संध्याकाळी सामना दिला आणि प्रत्येक चेंडूवर भाव लावता येऊ लागला. लगाई-खाई, सेशन, फॅन्सी ही सट्ट्याची भाषा घरोघरच्या पोरांना पाठ झाली.

मग फोन स्वस्त झाला, यूपीआय आलं. सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल हे दोघे भिलाईचे तरुण. चंद्राकर रसाचं दुकान चालवायचा, असं तपासाच्या बातम्यांतून पुढे आलं. पुढे दोघे दुबईला गेले आणि महादेव बुक तिथून चालवलं जात होतं, असा अंमलबजावणी संचालनालयाचा आरोप आहे. खटले चालू आहेत, राजकीय आरोप-प्रत्यारोपही भरपूर झाले, त्यामुळे कोण किती दोषी हे न्यायालय ठरवील. पण या तपासातून सट्ट्याच्या धंद्याची जी रचना समोर आली, ती इथे मोलाची आहे. कारण ती महालक्ष्मीच्या टोटच्या अगदी उलटी आहे.

संचालनालयाच्या म्हणण्यानुसार वरून एकच मध्यवर्ती व्यवस्था, आणि खाली ‘पॅनल’ किंवा ‘ब्रँच’ नावाच्या शाखा. एखाद्या ओळखीच्या माणसाला पॅनल द्यायचं, नफ्याची वाटणी ७०-३०. पॅनल चालवणारा दोन-चार पोरं बसवतो, लॅपटॉप आणि फोन घेतो आणि भाड्याच्या फ्लॅटमधून धंदा सुरू. गिऱ्हाईक समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतला नंबर पाहून व्हॉट्सॲपवर निरोप टाकतं. त्याला दोन वेगवेगळे संपर्क मिळतात: एक पैसे भरून आयडीमध्ये पॉइंट घेण्यासाठी, दुसरा पॉइंट मोडून पैसे काढण्यासाठी. पैसे कुणा तिसऱ्याच्याच नावच्या बँक खात्यात जातात आणि तिथून आणखी कुठेतरी. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, तीन पत्ती, इतकंच काय देशातल्या निवडणुकांवरही इथे पैज लागत होती, आणि एकूण खेळ असा रचलेला होता की पॅनलवाल्यांचं नुकसान होऊ नये, असंही तपासयंत्रणेने म्हटलं.

म्हणजे जुना खाईवाल नव्या कपड्यात आला, एवढंच म्हणून भागत नाही. जुन्या खाईवालाला मोठा निकाल लागला की गाव सोडून पळावं लागे. त्याची पत त्याच्या गल्लीत होती. पॅनलवाल्याला गल्लीच नाही. त्याचं गिऱ्हाईक नांदेडला असेल, त्याचं खातं भिलाईत कुणा आयटीआयच्या पोराच्या नावावर असेल आणि त्याचा मालक वाळवंटात. १५ सप्टेंबर २०२३ ला संचालनालयाने ४१७ कोटींची मालमत्ता जप्त केल्याचं आणि गोठवल्याचं जाहीर केलं. त्याच निवेदनात फेब्रुवारी २०२३ मधल्या अमिरातीतल्या रास अल खैमा इथल्या चंद्राकरच्या लग्नाचा तपशील होता: सुमारे दोनशे कोटींचा खर्च, तोही रोखीत, आणि नातेवाइकांना नेण्यासाठी नागपूरहून खासगी विमानं. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने महादेव बुकसह २२ ॲप आणि संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश काढला.

भिलाईच का, हा प्रश्न तिथल्या लोकांना कुणी विचारलेला आवडत नाही, आणि ते रास्तच आहे. माझ्या मते कारणं साधी आहेत. शिकलेली, इंग्रजी की-बोर्ड सफाईने चालवणारी पोरं इथे मुबलक होती. बापाला कारखान्यात कायमची नोकरी होती, मुलाच्या वेळी कायम जागा घटत गेल्या. पट्टीचं जुनं जाळं तयारच होतं, त्यातले खाईवाल एकमेकांना ओळखत होते, आणि विश्वासाच्या धंद्यात ओळख हेच भांडवल. मुंबई-पुण्याच्या उपनगरांत, नागपुरात, इंदुरात ही सगळी परिस्थिती होतीच. नंतर पॅनलवर धाडी तिथेही पडल्या. पहिलं नाव भिलाईचं लागलं, एवढंच.

कायद्यांनी पाठलाग केला. छत्तीसगड विधानसभेने २०२३ च्या सुरुवातीला १८६७ च्या कायद्याऐवजी नवा जुगारबंदी कायदा मंजूर केला आणि ऑनलाइन जुगाराला वेगळी, कडक शिक्षा ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात सरसकट बंदी आहे आणि १९९६ पासून चर्चेत असलेला कौशल्य-नशीब हा भेद तिथे सरळ बाजूला ठेवला आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. भारतात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांत पैशाचे खेळ बंद केले. परदेशातून चालणारं पॅनल मात्र नाव बदलून दुसऱ्या नंबरवरून निरोप पाठवू शकतं, आणि पाठवतं.

या सगळ्यात घोड्याचं काय झालं? कराचा बडगा बसला. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये आला तेव्हा शर्यतीवरच्या पैजेला २८ टक्के लागले, आणि तेही क्लबच्या कमिशनवर न लावता पैजेच्या पूर्ण रकमेवर. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या नियमावर ताशेरे ओढून तो रद्द ठरवला, पण २०२३ च्या दुरुस्तीने पूर्ण रकमेवरच्या कराची तटबंदी पक्की झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के झाला. आपलं मघाचं गणित पुन्हा मांडू. शंभर रुपयांच्या पैजेतून क्लबने वीस कापले, तर लावणाऱ्यांकडे मिळून ऐंशी परत जातात. आधी त्यांना या शंभरसाठी १२८ मोजावे लागत होते, आता १४०. म्हणजे खिशातून गेलेल्या प्रत्येक शंभरमागे सरासरी परतावा साडेबासष्टवरून सत्तावन्नावर आला. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर, दहा हजारांच्या पुढे जागच्या जागी कपात, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करायची सोय नाही. रस्त्यापलीकडचा बुकी यातलं काहीच घेत नाही. कायदा पाळणाऱ्या पंटरला, म्हणजे पैज लावणाऱ्याला, सरकार स्वतःच रस्ता ओलांडायला सांगत आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

हा धडा दुसऱ्या देशांनी गिरवून झाला आहे. ब्रिटनमध्ये गिऱ्हाइकाच्या पैजेतून नऊ टक्के कापले जात, तेवढ्यानेच मोठे बुकमेकर जिब्राल्टरला पळाले. ऑक्टोबर २००१ मध्ये सरकारने तो कर रद्द केला आणि बुकमेकरच्या नफ्यावर १५ टक्के लावले. धंदा परत आला. हाँगकाँगने २००६ मध्ये शर्यतीच्या पैजेवरचा कर उलाढालीवरून काढून नफ्यावर आणला. तिथला दर ७२.५ टक्क्यांपासून पुढे आहे, म्हणजे सरकार हात आखडता घेत नाही. तरीही बेकायदा बुकीशी भावात टक्कर देता येते, कारण कर पैज लावणाऱ्याच्या तिकिटावर बसत नाही. हाँगकाँग जॉकी क्लब हा त्या शहराचा सर्वांत मोठा करदाता आहे.

कर हे एकच दुखणं असतं तर औषध सोपं होतं. दुसरं दुखणं जमिनीचं. शंभर-दोनशे एकरांचं मोकळं गवत शहराच्या मधोमध कुणाला पाहवत नाही. मकाऊने एप्रिल २०२४ मध्ये शर्यती थांबवल्या. सिंगापूरमध्ये ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची रेस झाली, १८० हून अधिक वर्षांच्या परंपरेनंतर. जमीन घरबांधणीसाठी परत द्यायचं ठरलं. त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा भाडेपट्टा रद्द करून १६० एकर ताब्यात घेतले. महालक्ष्मीचा भाडेपट्टा २०१३ मध्येच संपला होता. दहा वर्षं काथ्याकूट झाल्यावर २०२४ मध्ये तोडगा निघाला: २११ एकरांपैकी १२० महापालिकेच्या उद्यानासाठी, ९१ क्लबकडे. मुंबईकराला फिरायला जागा मिळाली तर कोण नको म्हणेल? पण निम्म्याहून अधिक मैदान गेल्यावर तबेले कुठे राहतील, सरावाची पट्टी किती उरेल आणि पुण्याच्या रेसकोर्सवर किती भार येईल, याची चर्चा उद्यानाच्या चित्रांएवढी झाली नाही. सईसांच्या घरांची तर त्याहूनही कमी.

शर्यती शुद्ध तुपातल्या आहेत असं मला सुचवायचं नाही. घोड्याला औषध टोचणं, जॉकीने लगाम ओढून धरणं, घरदार विकून बसलेले पंटर, हे सगळं तिथे आहे. प्रत्येक रेसचं चित्रीकरण होतं, स्टुअर्ड चौकशी करतात, जॉकी निलंबित होतात. तरी शंका उरतेच. निवृत्त घोड्यांचं काय होतं, हा प्रश्नही क्लबांना अजून नीट सोडवता आलेला नाही. पण त्या मैदानात फसलेल्या माणसाला तक्रार करायला दार आहे. पैज लावायला वयाची अट आहे, पैसे रोखीने किंवा स्वतःच्या खात्यातून मोजावे लागतात आणि खिडकी संध्याकाळी बंद होते. फोनवरचं पॅनल पहाटे तीन वाजताही जागं असतं. घोड्याची रेस संपून दुसरी सुरू व्हायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्या वेळात माणूस चहा पिऊन शुद्धीवर येऊ शकतो. ऑनलाइन तीन पत्तीचा डाव अर्ध्या मिनिटात संपतो. व्यसन लागण्याच्या दृष्टीने हा फरक कौशल्य आणि नशीब यांच्यातल्या फरकापेक्षा फार मोठा आहे.

सरकारला दोन गोष्टी करता येतील. शर्यतीवरचा कर पैजेच्या रकमेवरून क्लबच्या वाट्यावर आणावा, म्हणजे पंटर बोर्डासमोर उभा राहील. आणि पॅनलचा पाठलाग ॲपच्या नावाने न करता बँक खात्यांच्या मागे लागून करावा, कारण नाव रोज बदलतं, पैशाला मात्र कुठेतरी उतरावंच लागतं.

त्या खात्यांबद्दलच शेवटचं सांगणं, आणि ते पावर हाउसच्या बाजारात बसणाऱ्या पोराला जितकं लागू, तितकंच हडपसरच्या आणि हिंगण्याच्याही. कुणी ओळखीचा येऊन म्हणतो, तुझ्या नावाने खातं काढ, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मला दे, महिन्याला काही हजार घरबसल्या घे. त्या खात्यावरून लाखो रुपये फिरतात. तपास आला की दुबईतला माणूस सापडत नाही, पॅनलवाला फ्लॅट सोडून गेलेला असतो, आणि कागदावर एकच नाव, एकच आधार क्रमांक, एकच पत्ता उरतो. दुसऱ्या राज्याचे पोलीस त्या पत्त्यावर येतात, खातं गोठतं, पुढे नोकरीच्या पडताळणीत गुन्हा दिसतो. आपल्या घरात अठरा-वीस वर्षांचं कुणी असेल तर त्याच्या नावावर किती बँक खाती आणि किती सिमकार्डं आहेत, हे आज विचारून घ्या. आणि असं खातं दिलं गेलं असेल, तर बँकेत जाऊन ते बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.